सामन्याआधीची आकडेवारी कोणाच्या कामाची?

फुटबॉलचा मोठा सामना जवळ आला की 'सामन्याचे भाकीत' ह्या मथळ्याखाली एक ठरावीक मजकूर सर्वत्र झळकू लागतो. दोन्ही संघांचे मागील पाच सामने, आपसांतील लढतींचा इतिहास, प्रत्येक सामन्यामागे झालेल्या गोलांची सरासरी, जायबंदी खेळाडूंची नावे आणि शेवटी टक्केवारी: यजमान संघाच्या विजयाची शक्यता ४९ टक्के, बरोबरी २५ टक्के, पाहुण्यांचा विजय २६ टक्के. वरवर पाहता ही क्रीडापत्रकारिता दिसते. परंतु ह्या मजकुराचा खरा वाचक खेळाचा रसिक नसून बाजी लावणारा असतो. मजकुराच्या तळाशी बहुधा एखाद्या सट्टा-संकेतस्थळाची वाट दाखवलेली असते, तीही उघड नव्हे, तर एखाद्या 'न्यूज' नावाच्या आडून. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने १३ जून आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसारमाध्यमांना दिलेल्या सूचनांत नेमक्या ह्याच आडवळणी जाहिरातींवर बोट ठेवले होते.

हा विषय आपल्या वाचकांपासून दूरचा नाही. पश्चिम किनाऱ्यावरील कॅथलिक समाजाचे फुटबॉलशी जुने नाते आहे. गोव्यात हा खेळ १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्यांनी शिवोली येथे आणला असे मानले जाते. चर्चच्या मैदानावर संध्याकाळी चेंडू घेऊन जमणारी मुले हे चित्र वसईपासून मडगावपर्यंत सारखेच आहे. नवे आहे ते एवढेच की खेळाबरोबर आता खेळावरील बाजीही मोबाइलमधून घरात आली आहे, आणि ती शहरापुरती राहिलेली नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शेणवा, किन्हवली, डोळखांब ह्यांसारख्या गावांत पावसाळी भातशेती, वीटभट्टीची मजुरी आणि आसनगावहून लोकल पकडून केलेली नोकरी ह्यांवर घरे चालतात. तेथे पाण्याचा टँकर वेळेवर येईलच असे नाही, पण इंटरनेटचा पॅक मात्र प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. २०२६ ची विश्वचषक स्पर्धा ४८ संघांची आणि १०४ सामन्यांची. म्हणजे बाजी लावण्याचे १०४ मुहूर्त. तेव्हा ही आकडेवारी कशी तयार होते, तिच्यात किती तथ्य असते आणि तिचा लाभ नेमका कोणाला होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ठाणे जिल्ह्याला आकड्यांच्या नादाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. 'कल्याण' हा मटका सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा कल्याण शहराशी संबंध नाही, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ते नाव कल्याणजी भगत ह्या कच्छहून मुंबईत आलेल्या व्यक्तीचे. पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैसे लावले जात. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबल्यावर भगत ह्यांनी १९६२ मध्ये वरळीत आणि रतन खत्री ह्यांनी १९६४ मध्ये स्वतःचे आकडे काढण्यास प्रारंभ केला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या कापूस बाजाराची आठवण आहेत. गिरण्यांच्या चाळींतून हा नाद गावोगाव पसरला.

मटक्याचा हिशेब साधा आहे. शून्य ते नऊ ह्या दहा अंकांपैकी एकावर रुपया लावायचा. आला तर रूढ भावाने नऊ रुपये. दोन अंकांच्या जोडीला शंभर शक्यता आणि मिळकत नव्वद. दोन्हीकडे शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये मटकेवाल्याच्या घरी जातात. तरीही मटक्याचे जुने आकडे छापलेले तक्ते विकले जातात, लोक ते तासन्‌तास अभ्यासतात, आणि 'गेले आठ दिवस सत्ता आला नाही, आज येणारच' असे छातीठोकपणे सांगणारा जाणकार प्रत्येक नाक्यावर सापडतो. काढलेल्या आकड्याला कालची आठवण नसते. सत्ता आठ दिवस आला नाही म्हणून नवव्या दिवशी त्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. त्या तक्त्यात माहिती आहे, ज्ञान नाही.

फुटबॉलच्या आकडेवारीचे तसे नाही, आणि म्हणूनच ती अधिक फसवी ठरते. संघाला बळ असते, ते आठवड्यागणिक नाहीसे होत नाही. घरच्या मैदानाचा लाभ खरा असतो. त्यामुळे मागील निकालांवरून पुढच्या निकालाविषयी काही सांगता येते. हे काम हौशी नाही. इंग्लंडच्या हवाई दलातील अधिकारी चार्ल्स रीप ह्यांनी १९५० मध्ये स्विंडन संघाचे सामने पाहताना प्रत्येक चाल वहीत टिपण्यास सुरुवात केली. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स ह्या संख्याशास्त्रज्ञांनी गोलसंख्येचे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले, आणि त्याचा हेतू लपवला नाही: सट्टाबाजाराचे भाव कोठे चुकतात हे शोधणे. आजची बहुतेक भाकिते ह्याच घराण्यातील आहेत.

पद्धत अशी. समजा, यजमान संघाने सरासरी १.६ आणि पाहुण्यांनी १.१ गोल करावेत असा अंदाज निघाला. गोल हे तुरळक आणि बऱ्याच अंशी स्वतंत्र घडणारे प्रसंग मानले, तर पॉयसाँ ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने प्रत्येक निकालाची शक्यता काढता येते. यजमानांचा विजय ४९ टक्के, बरोबरी २५, पाहुण्यांचा विजय २६. वर दिलेली टक्केवारी ह्याच हिशेबाची आहे. आता त्यातच सर्वांत संभाव्य धावफलक कोणता ते पाहू. तो निघतो १-१, आणि त्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. म्हणजे मथळ्यात ठळक अक्षरांत छापलेला 'संभाव्य निकाल' शंभरांतून अठ्ठ्याऐंशी वेळा चुकणार, आणि हे भाकीत करणाऱ्याला पूर्णपणे माहीत असते. लपवाछपवी काही नाही. फक्त तो आकडा लहान अक्षरांत असतो किंवा नसतोच.

आता सट्टेवाल्याचा भाव पाहू. वरील शक्यतांना न्याय्य भाव द्यायचा तर यजमानांवर लावलेल्या रुपयाला सुमारे २.०४, बरोबरीला ४.०२ आणि पाहुण्यांना ३.८२ रुपये मिळायला हवेत. प्रत्यक्षात भाव असा काहीसा असतो: १.९०, ३.६०, ३.५०. फरक किरकोळ भासतो. परंतु ह्या भावांच्या उलट्या संख्या घेऊन बेरीज केली तर ती १०० ऐवजी १०९ टक्के भरते. वरचे नऊ टक्के ही सट्टेवाल्याची दलाली. आकडेवारी अचूक वाचून, नेमक्या ह्याच शक्यता गृहीत धरून जरी कोणी बाजी लावली, तरी यजमानांवर शंभराला सात, पाहुण्यांवर आठ आणि बरोबरीवर दहा रुपये सरासरी जाणारच. मटक्याच्या दहा टक्क्यांशी तुलना करावी. इंग्रजी पेहरावातील ह्या मटक्यात फारसे वेगळे काही घडत नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्याची जाहिरात सर्वाधिक होते. पाच सामन्यांचे निकाल एकत्र सांगा, सर्व बरोबर आले तर मोठी रक्कम. येथे दलालीही पाच वेळा एकमेकांवर चढते. रुपयातील सुमारे ९२ पैसे परत येण्याचा हिशेब पाच वेळा लावला, तर हाती सुमारे ६६ पैसे उरतात. शंभराला चौतीस रुपये तोटा! गावच्या सावकारालाही एवढे साधत नसे.

सरासरीचा हा हिशेब शेणव्याच्या मजुरीत मांडून पाहावा. रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२५-२६ ह्या वर्षी दिवसाला ३१२ रुपये होती. विश्वचषकाच्या १०४ सामन्यांवर प्रत्येकी शंभर रुपयांची एकच बाजी लावली तर एकूण १०,४०० रुपये फिरतात आणि त्यांतील सरासरी आठशेहून अधिक, म्हणजे जवळजवळ पावणेतीन दिवसांची मजुरी, जाते. कोणी म्हणेल, एवढ्याने घर बुडत नाही. खरे आहे. परंतु सामन्यागणिक एकच बाजी लावून कोणी थांबत नाही. जिंकलेले पैसे पुन्हा लावले जातात, आणि दर फेरीला आठ टक्के कापले जातात. शंभर रुपये असे दहा वेळा फिरवले की सरासरी त्रेचाळीस उरतात, वीस वेळा फिरवले की एकोणीस. मोबाइलवर वीस फेऱ्यांना एक संध्याकाळ पुरते. आणि ती रक्कम वीटभट्टीच्या मालकाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल असेल, तर तिची परतफेड घरातील सर्वांच्या कामाने होते. उचलीच्या पैशांनी ह्या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या कसे बांधून ठेवले, हे येथील जाणत्यांना वेगळे सांगायला नको. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा. पण कर्ज घेण्याचे कारण बदलले म्हणून कर्ज बदलत नाही.

आकडेवारी काय सांगू शकत नाही, ह्याचे आपल्याच भागातील उदाहरण घ्यावे. २४ एप्रिल २०२४, मडगावचे फातोर्डा मैदान, इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. साखळीत बावीस सामन्यांनंतर मुंबईचे ४७ आणि गोव्याचे ४५ गुण. दोन्ही संघ जवळजवळ तुल्यबळ, मैदान गोव्याचे. कोणत्याही प्रामाणिक भाकिताने 'चुरशीचा सामना, गोव्याला किंचित झुकते माप' असेच म्हटले असते. बोरिस सिंग ह्याने सोळाव्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिस ह्याने उत्तरार्धात गोल केला आणि नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे होता. अशा वेळी सामना सुरू असताना चालणाऱ्या सट्ट्यात गोव्याचा विजय जवळजवळ निश्चित धरला जातो. त्यानंतर लालियानझुआला छांगटे, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगटे ह्यांनी अवघ्या सहा-सात मिनिटांत तीन गोल केले. मुंबई ३-२ ने जिंकली. सरासरी गतीने गोल होतात असे धरले, तर उरलेल्या सात मिनिटांत एकाच संघाने तीन गोल करण्याची शक्यता काही हजारांत एक इतकी भरते. पुढे २९ एप्रिलला मुंबईने दुसरा सामना २-० ने आणि ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानविरुद्धचा अंतिम सामना ३-१ ने जिंकून करंडक मिळवला.

ह्यावरून आकडेवारी खोटी ठरत नाही. हजारांत एकदा घडणारी गोष्ट हजारांत एकदा घडायचीच. दमलेला बचाव, आघाडी राखण्याची घाई, एका गोलानंतर बदललेला धीर ह्या गोष्टी 'स्वतंत्र प्रसंग' मानणाऱ्या सूत्रात बसत नाहीत, एवढेच. ज्याने त्या संध्याकाळी नव्वदाव्या मिनिटाला 'आता तर नक्कीच' म्हणून मोठी रक्कम लावली असेल, त्याला मात्र ह्या विवेचनाचा काही उपयोग नाही. खात्रीच्या बाजीत मिळकत थोडी आणि जाणारी रक्कम पूर्ण असते. गरीब माणसाला नेमकी हीच बाजी सुरक्षित वाटते.

शिवाय भारतीय फुटबॉलसाठी असे प्रारूप बांधण्यास पुरेसा माल नाही. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षक दर वर्षी बदलतात. २०२५-२६ चा हंगाम तर आयोजनाच्या हक्कांच्या वादात अडकून लांबला, आणि मुंबई सिटीचे मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. गेल्या वर्षीचा संघ आणि ह्या वर्षीचा संघ ह्यांत कित्येकदा गणवेशच तेवढा समान असतो. संघात कोण खेळणार, ही बातमी तर सर्व सरासरींवर मात करते. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदी अरेबियाचा अल नासर संघ फातोर्ड्याला एफसी गोव्याविरुद्ध खेळायला आला, पण क्रिस्टियानो रोनाल्डो आलाच नाही. अल नासर जिंकला, पण २-१ असा, आणि गोव्याचा गोल स्थानिक ब्रायसन फर्नांडिसने केला. अशी बातमी सट्टेवाल्याला आधी कळते, भाव लगेच बदलतो, आणि भाकीत वाचणाऱ्यापर्यंत ती पोहोचते तेव्हा तिचे मोल संपलेले असते.

मग आकडेवारीवर कोणीच जिंकत नाही काय? जिंकतात. इंग्लंडमधील ब्राइटन संघाचे मालक टोनी ब्लूम आणि ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम ह्यांनी संपत्ती मिळवली ती ह्याच मार्गाने, आणि त्यातून क्लब विकत घेतले. परंतु त्यांच्या पदरी संख्याशास्त्रज्ञांची फौज आहे. त्यांची आकडेवारी फुकट छापली जात नाही. जी फुकट मिळते ती सट्टेवाल्याने भाव ठरवताना आधीच वापरलेली असते. वर असेही आहे की ब्रिटनमध्ये सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकाच्या बाजीवर कंपन्या मर्यादा घालतात. हरणाऱ्याचे मात्र स्वागत असते. तेथील प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये गणवेशाच्या पुढील बाजूवरून सट्टा कंपन्यांची नावे २०२५-२६ च्या हंगामाअखेर काढण्याचे मान्य केले. बाहीवर ती राहू शकतात, ही त्यातली गंमत.

आपल्याकडील कायद्याचा प्रवास वळणावळणाचा आहे. मुंबई प्रांताचा जुगारबंदी कायदा १८८७ चा. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे स्पष्ट केले, परंतु कौशल्याचा खेळ त्यातून वगळला. ह्याच फटीतून मोबाइलवरील 'संघ बनवा' प्रकारचे खेळ आत आले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम११ चा खेळ कौशल्याचा ठरवला. शासनाची भूमिकाही सदैव सोवळी नव्हती. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी सुरू केली आणि १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा करून ठेवला. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाख. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज शासनाने तेव्हा दिला होता.

खेळणाऱ्यास गुन्हेगार न मानणे योग्यच झाले असे आमचे मत आहे. परंतु देशी कंपन्यांनी दुकान बंद केले तरी परदेशातून चालणारी संकेतस्थळे एक नाव बंद होताच दुसऱ्या नावाने उघडतात, आणि त्यांच्यासाठी 'सामन्याचे भाकीत' ही सर्वांत स्वस्त जाहिरात आहे.

ह्या संदर्भात ख्रिस्तसभेची भूमिका अनेकांना वाटते तितकी सरसकट नाही. कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदात नशिबाचे खेळ आणि पैजा स्वतःहून अन्यायकारक मानलेल्या नाहीत. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की त्या अनैतिक ठरतात, आणि त्यांची आसक्ती माणसाला गुलाम करू शकते, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात दहा रुपयांचे तिकीट घेऊन हाउजी खेळणाऱ्या आजीबाईंनी चिंता करू नये! तिकिटांचे पैसे कोठे जातात ते सर्वांना दिसते आणि खेळ रात्री संपतो. मोबाइलवरील बाजी संपत नाही. घरात कोणाला दिसतही नाही. कसोटी गरजेच्या पैशाची आहे, आणि ज्या घरात जूनमध्ये बियाणे आणि शाळेची वह्या-पुस्तके एकाच पगारातून यायची असतात, तेथे गरजेचा नसलेला पैसा फारसा नसतोच.

आणखी एका धोक्याची नोंद करणे आवश्यक आहे, कारण त्याची झळ बाजी न लावणाऱ्यालाही बसते. सट्ट्याचा पैसा गोळा करण्यासाठी बँक खाती लागतात, आणि ती इतरांच्या नावाची असतात. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी महादेव बुकसह २२ सट्टा-अ‍ॅप बंद करण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने बेनामी बँक खात्यांच्या जाळ्याचा उल्लेख केला होता. 'तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम दोन महिने दे, पाच हजार मिळतील' असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ हा आहे. खात्यावर ज्याचे नाव, नोटीस त्याच्याच घरी येते, आणि गोठवलेल्या खात्यात अनुदान, शिष्यवृत्ती वा मजुरीही अडकून पडते. आपल्या खात्यात अनोळखी रक्कम आल्याचे दिसताच बँकेला लेखी कळवावे. पैसे उकळले गेले असल्यास १९३० ह्या सायबर-फसवणूक क्रमांकावर विलंब न करता तक्रार करावी. ज्याला बाजी थांबवता येत नाही, अशा व्यक्तीसाठी वा तिच्या घरच्यांसाठी शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर असून तेथे मराठीतही बोलता येते.